ऋण काढून सण : दारिद्र्य, लौकिक आणि बचत

आपल्या प्राथमिक शाळांतून ‘काटकसरीचे महत्त्व’ या विषयावर निबंध लिहवून घेण्याची प्रथा फार जुनी आहे. मुलेही तो ठरावीक साच्याने लिहितात. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण पहिल्या परिच्छेदात येते, मुंगीचा दाखला दुसऱ्यात येतो आणि अखेरीस सर्वांनी बचत करावी असे सांगून निबंध संपतो. शिक्षक तो तपासतात, गुण देतात. पुढच्याच आठवड्यात त्या वर्गातील चारपाच मुले थोरल्या भावाच्या किंवा मावसबहिणीच्या हळदीसाठी गैरहजर राहतात. लग्नापायी घराने काढलेले कर्ज पुढे दोनतीन वर्षे त्याच मुलांच्या वह्यांतून, दुधातून आणि कधीकधी शाळेतूनच वसूल होत राहते. निबंध लिहिणारे मूल खोटे लिहीत नाही, आणि लग्न करणारा बापही मूर्ख नसतो. मग सर्वांना ठाऊक असलेला हा उपदेश आचरणात का उतरत नाही, याचा विचार केल्यावाचून हा विषय वर्गात नीट शिकविता येणार नाही. प्रस्तुत लेख त्या विचारासाठी आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. गरीब माणूस उधळ्या असतो म्हणून गरीब राहतो, असे सुखवस्तू लोक फार पूर्वीपासून म्हणत आले आहेत. हा समज आपल्याच मुलखात एकदा चांगला कसोटीस लागला होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी बाजाराच्या दिवशी कुणबी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे हिसकावून घेऊन जाळले, आणि पाहता पाहता हे लोण पुणे व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी पसरले. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७६ मध्ये आला. शेतकरी लग्नकार्यात पैसा उडवितो म्हणून बुडतो, असेच पुष्कळ अधिकाऱ्यांचे तोपर्यंतचे मत होते. परंतु आयोगाने कर्जखाती पाहून वेगळाच अभिप्राय दिला. लग्नाच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे, असे प्रसंग आयुष्यात क्वचित येतात, आणि सारासार पाहता शेतकऱ्याने त्यावर केलेला खर्च त्याच्या स्थितीतील मनुष्याने करावा त्याहून फारसा अधिक नाही, असा त्याचा आशय होता. खरे कर्ज वाढत होते ते बी, बैल, पोटाचे धान्य आणि सरकारी सारा यांसाठी वारंवार घेतलेल्या लहान लहान रकमांनी व त्यांवरील व्याजाने. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, त्यात साऱ्याची नवी आकारणी आली होती. या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला.

हा इतिहास सांगण्याचा हेतू लग्नातील उधळपट्टीचे समर्थन करावे असा मुळीच नाही. त्या काळच्या मांडवाची आणि आजच्या कार्यालय, कॅटरर, डॉल्बी, छायाचित्रण, गाडी व हुंडा यांनी सजलेल्या लग्नाची तुलनाच होऊ शकत नाही. हेतू एवढाच, की शिक्षकाने पालकाकडे पाहताना उधळेपणाचा शिक्का आधीच मारू नये. ज्याला आपण उधळ्या म्हणतो, तो वर्षातले तीनशे दिवस आपल्यापेक्षा कितीतरी अधिक काटकसरीने जगत असतो. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्याच्या अत्यंत गरीब कुटुंबांविषयीची माहिती अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पाहणीत शंभरातील सदतीस कुटुंबांनी असे सांगितले होते, की गेल्या वर्षभरात घरातील मोठ्या माणसांना कधी ना कधी पूर्ण दिवस उपाशी काढावा लागला. आणि त्याच भागातील सर्वसाधारण गरीब कुटुंब आपल्या वार्षिक खर्चाचा सुमारे दहावा हिस्सा सणसमारंभांवर खर्च करीत होते. पोटाला चिमटा घेणारा आणि सणाला हात सैल सोडणारा हा एकच माणूस आहे. त्याला समजून घ्यायचे तर तो त्या खर्चातून काय मिळवू पाहतो, हे विचारले पाहिजे.

याचे उत्तर आपल्या भाषेतच एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे ‘पत’. माणसाला गावात पत आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा मान आहे असा अर्थ होतो, आणि त्याला उसने-उधार मिळते असाही अर्थ होतो. पतपेढी याच शब्दावरून आली. ज्याच्याजवळ सातबारा मोठा नाही, पगाराचा दाखला नाही, तारण ठेवण्यास काही नाही, त्याला अडीअडचणीला किराणा दुकानदार उधार देईल की नाही, भावकीतला कोणी जामीन राहील की नाही, मुलाला चांगले स्थळ सांगून येईल की नाही, हे सारे लोकांच्या त्याच्याविषयीच्या समजुतीवर अवलंबून असते. श्रीमंताला आपली ऐपत सिद्ध करावी लागत नाही, कारण ती त्याच्या वाड्यावरून व शेतावरून दिसते. गरिबाची ऐपत चार लोकांसमोर दाखविल्याशिवाय दिसत नाही, म्हणून तो ती पंगतीत दाखवितो. कर्नाटकातील कुंभार समाजाच्या लग्नांचा अभ्यास ब्लोख, विजयेंद्र राव व सोनाल्डे देसाई यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात एक सूक्ष्म गोष्ट आढळते. नवऱ्या मुलाचे घर त्याच गावातले असले तर लग्न बेताचे होते, कारण सोयरे कसे आहेत हे सर्वांना ठाऊकच असते. परगावचे चांगले घर मिळाले तर मात्र मुलीचा बाप समारंभ मोठा करतो. आपली सोयरीक किती मातब्बर घराशी जुळली, हे गावाला कळावे कसे? सनई-चौघडा व वरात हीच त्याची जाहिरात. राव यांच्या आणखी एका अभ्यासात असेही दिसले, की सणावर खर्च करणाऱ्या कुटुंबांना गावात मान तर मिळतोच, शिवाय धान्यधुन्यही काहीसे कमी भावात पडते. म्हणजे सणावरचा पैसा अगदीच पाण्यात जातो असे नाही. त्यातून काही परत येते.

आपल्याकडील आहेराची चाल या दृष्टीने पाहावी. मांडवाच्या कोपऱ्यात टेबल टाकून एक लिहिणारा बसतो आणि वहीत नावे व रकमा मांडतो. ती वही घरात वर्षानुवर्षे जपून ठेवली जाते. अमक्याने आपल्या मुलीच्या लग्नात पाचशे एक दिले होते, तेव्हा त्याच्या घरच्या कार्यात सहाशे एक तरी दिलेच पाहिजेत, असा हिशेब तिच्यावरून होतो. ही वही पाहणाऱ्याला ते एका प्रकारचे ठेवखातेच वाटेल. ज्याने वीस कार्यांत आहेर केला, त्याची ठेव वीस घरांत विखुरलेली आहे, आणि स्वतःच्या घरी कार्य निघाले की ती एका दिवसात गोळा होते. परंतु या खात्यात दोन मोठे दोष आहेत. पैसे परत मिळविण्यासाठी स्वतः कार्य काढावेच लागते. घरात आजारपण आले किंवा मुलाची फी भरावयाची असली, तर वही दाखवून कोणाकडे मागता येत नाही. आणि दर खेपेस थोडे वाढवून परत करण्याच्या रीतीमुळे रक्कम चढत जाते, तसा समारंभही चढत जातो. काही गावांनी ‘कृपया आहेर आणू नये’ असे पत्रिकेवर छापण्याची चाल पाडली आहे. ती चांगली दिसते, तथापि ज्याने आयुष्यभर आहेर दिला आणि ज्याच्या घरचे कार्य नेमके आता आले, त्याचे त्यात नुकसान होते, हेही लक्षात ठेवावे. पत्रिकेवरील तो मजकूर बहुधा ज्याला आहेराची गरज नाही अशा घरातून प्रथम निघतो.

आता बचतीची बाजू. बचत करा असे सांगणे सोपे, पण गरिबाची बचत राहते कोठे? घरात रोकड असली की ती टिकत नाही. शेजारी औषधपाण्यासाठी मागतो, दीर तिकिटासाठी मागतो, आणि असताना नाही म्हणणे हे गावच्या रीतीत बसत नाही. उद्या आपल्यालाही त्याच्या दारात जायचे असते. म्हणून हुशार गृहिणी डाळीच्या डब्यात, धान्याच्या कणगीत, नवऱ्यालाही न कळेल अशा जागी पैसे ठेवीत आल्या आहेत. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजारांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा असे कित्येक डबे घरातील सर्वांसमोर उघडावे लागले, हे ग्रामीण भागातील शिक्षकांनी पाहिलेच असेल. पतसंस्थेत ठेवावे तर काही ठिकाणी त्या बुडाल्या, आणि सर्वांत अधिक नुकसान लहान ठेवीदारांचे झाले. पोस्टाचे बचत खाते भारतात १८८२ पासून आहे व ते सुरक्षित आहे. पण पोस्टात जाण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडत असेल, तर शंभर रुपये ठेवण्यासाठी तीनचारशे रुपये सोडण्याचा तो व्यवहार होतो. २०१४ मध्ये सुरू झालेल्या जनधन योजनेमुळे खाती घरोघर झाली आहेत. खाते असणे आणि खात्यात नेमाने पैसे टाकणे यांत मात्र अंतर आहे. पैसे साठविण्याच्या या अडचणींमुळेच गरीब मनुष्य पैसा वस्तूच्या रूपात ठेवू पाहतो. शेळी घेतो, कोंबड्या घेतो, पत्रे घेऊन ठेवतो, आणि जमल्यास सोने घेतो. सोन्याचे मणी ही मोठी विलक्षण वस्तू आहे. ते अंगावर मिरविता येतात व अडचणीला गहाणही टाकता येतात. मान आणि बचत या दोहोंची गाठ जेथे पडते, तेथे गरीब मनुष्य आपण होऊन बचत करतो. हे निरीक्षण शिक्षकाने मनात नोंदवून ठेवावे, पुढे उपयोगी पडेल.

पैसा कसा हाती येतो यावर तो कसा जातो हे पुष्कळ अंशी ठरते. बीड जिल्ह्यातील शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी या तालुक्यांतील ऊसतोड कामगारांचे उदाहरण याबाबत अत्यंत बोलके आहे. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवराबायकोच्या जोडीस ‘एक कोयता’ म्हणतात, एकट्या माणसास ‘अर्धा कोयता’. मुकादम हंगामापूर्वीच जोडीला ठोक रक्कम देतो. हीच उचल. वर्षाची कमाई अशी एकदम, आणि कामापूर्वी हाती येते. मग दरमहा थोडे बाजूला टाकणे याला त्या घरात अर्थच उरत नाही, कारण दरमहा येणारे काही नसतेच. उचल आली की मागील देणी, दवाखाना, घराची पडवी आणि वैशाखात झालेले लग्न यांत ती संपते, व ती फेडण्यासाठी पुढचे पाच महिने फडात जातात. काम कमी पडले, आजारपण आले, तर बाकी पुढील हंगामावर फिरते. येथे समारंभाचा खर्च आणि मुलांचे शिक्षण यांचा संबंध अगदी प्रत्यक्ष आहे. जोडीलाच उचल मिळते म्हणून मुलाचे लग्न लवकर उरकण्याकडे ओढा राहतो. एका मुलीचा मांडव पडलाच आहे तर धाकटीचेही त्यातच उरकावे, दुसऱ्या मांडवाचा खर्च वाचेल, असा हिशेब बाप करतो. सातवी-आठवीतील मुलगी हजेरीपटावरून नाहीशी होते ती पुष्कळदा या हिशेबामुळे. बाप क्रूर नाही, तो आपल्या समजुतीप्रमाणे काटकसरच करीत असतो. पण मुलीचे वय अठराच्या आत असेल तर २००६ च्या कायद्याने तो विवाह गुन्हा ठरतो. अशी कुणकुण लागल्यास ग्रामसेवकास कळविणे, किंवा १०९८ या क्रमांकावर सांगणे, हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. त्यात भीडभाड ठेवू नये.

चणचणीत असलेल्या माणसाला दूरचा विचार सुचत नाही असा दोष आपण देतो. त्याविषयीही एक प्रयोग नमूद करण्यासारखा आहे. तमिळनाडूतील ४६४ ऊस-शेतकऱ्यांना ऊस तुटण्यापूर्वी, म्हणजे हातात पैसा नसताना, आणि पुन्हा बिल मिळाल्यावर तीच बुद्धिचाचणी देण्यात आली. तोच शेतकरी तंगीच्या दिवसांत चाचणीत मागे पडला आणि पैसा आल्यावर त्याने अधिक चांगली उत्तरे दिली. हे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. तंगी डोक्यातली जागा अडवून बसते, असा त्याचा निष्कर्ष. वर्गात रात्री न जेवता आलेल्या मुलाला गणित सुचत नाही, हे आपण रोज पाहतो. बापाची गोष्ट त्याहून निराळी नाही.

दिखाऊ खर्च म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवितो, त्याचा अर्थ सर्व समाजांत एकच असतो असेही समजू नये. अनेक जातींना कित्येक पिढ्या चांगले कपडे, सोन्याचे दागिने, वाजतगाजत वरात, घोडा यांची गावाने बंदी केली होती. १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना जे सांगितले, त्यात जात ओळखू येईल असे जुन्या पद्धतीचे लुगडे नेसणे व गळ्या-हातांतले तसले दागिने सोडून द्या, स्वच्छ व नीटनेटक्या राहा, असा भाग होता. हा उपदेश कपड्यांविषयी असला तरी त्याचा गाभा माणुसकीच्या हक्काचा होता. ज्याच्या आजोबाला गावातून वरात नेता आली नाही, त्याने नातवाची वरात थाटाने काढली तर त्याला उधळपट्टी हा एकच शब्द लावणे अन्यायाचे होईल. खर्चाचा बोजा त्यालाही पडतोच, पण त्याच्याशी बोलावयाचे ते ही गोष्ट ध्यानात ठेवून.

समाजाचा दाब वरून खाली येतो. गावात खर्चाची पातळी ठरवितात ते गरीब लोक नव्हेत. बागायतदार, ठेकेदार, नोकरदार यांच्या घरचे कार्य पाहून बाकीचे आपला मापदंड ठरवितात. आणि स्पष्टच लिहावयाचे तर या नोकरदारांत आपण शिक्षकही आहोत. नोकरी लागलेल्या शिक्षकाचा हुंडा किती, त्याच्या लग्नाला किती पाने उठली, शिक्षकांच्या पतसंस्थेतून काढलेल्या कर्जावर कोणी कसला बार उडविला, याची चर्चा पारावर होत असते. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. वर्गात काटकसरीचा पाठ देणाऱ्याच्या घरचे लग्न विद्यार्थी पाहत असतात.

महाराष्ट्रात या प्रश्नाला हात घातलेली मोठी माणसे होऊन गेली. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापिला आणि त्याच वर्षापासून अल्प खर्चाच्या, पुरोहिताशिवाय होणाऱ्या विवाहांची पद्धत सुरू केली. अशा साध्या विवाहामागे एक विचार उभा असल्याने कमी खर्च ही लाज न राहता भूषण झाले. गाडगेबाबांची (१८७६–१९५६) रीत वेगळी होती. मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू-मटणाचे जेवण देण्याची रूढी त्यांनी मोडली व गोड जेवण घातले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पुढे आयुष्यभर कीर्तनांतून कर्ज काढून सण-कार्य करू नका, मुलांना शिकवा, हेच ते सांगत राहिले. पण ते सांगण्याची त्यांची तऱ्हा शिक्षकांनी अभ्यासावी अशी आहे. ते समोरच्या शेतकऱ्याला प्रश्न विचारीत, तो उत्तर देई, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न येई, आणि निष्कर्ष श्रोत्याच्याच तोंडून बाहेर पडे.

वर्गात हा विषय घ्यावयाचा तो याच रीतीने घ्यावा. सातवी-आठवीच्या गणितात सरळव्याज आहेच. पुस्तकातील ‘द. सा. द. शे.’ दराऐवजी एकदा गावातला दर घ्यावा. गावात व्याज ‘शेकडा तीन’ म्हणतात ते महिन्याचे असते, म्हणजे वर्षाचे छत्तीस होतात. हे गुणाकाराने पडताळताना पुष्कळ मुलांना प्रथमच कळते, आणि खरे सांगायचे तर काही पालकांनाही. एक उदाहरण असे घालता येईल : लग्नासाठी ६०,००० रुपये शेकडा तीन दराने काढले. दरमहा नुसते व्याज किती? १,८०० रुपये. पाच वर्षांत, म्हणजे साठ महिन्यांत, नुसते व्याज किती गेले? १,०८,००० रुपये. मुद्दल तसेच उभे. ते फेडले तेव्हा एकूण १,६८,००० झाले. आता दुसरी बाजू : लग्नाआधी पाच वर्षे दरमहा १,००० रुपये बाजूला टाकले तर व्याज न धरताही किती होतात? ६०,०००. तेच लग्न, तीच पाने, पण एका घरास साठ हजारांत पडले आणि दुसऱ्यास एक लाख अडुसष्ट हजारांत.

येथे एखादे चलाख मूल विचारील, की दरमहा हजार आणायचे कोठून? हा प्रश्न यावा म्हणूनच हे उदाहरण आहे. जे घर हजार टाकू शकत नाही म्हणते तेच घर पुढे अठराशे व्याज भरते. असे का होते, हे मुलांनाच शोधू द्यावे. थोडा वेळ दिला तर त्यांना उत्तर सापडते : सावकाराचा माणूस दर महिन्याला दारात येतो, बचतीसाठी कोणी येत नाही. सावकाराला नाही म्हणता येत नाही, डब्याला म्हणता येते. मग मुलांना असे विचारावे, की बचतीलाही दारात आणणारी, चारचौघांत न चुकविता येणारी अशी कोणती रीत तुमच्या आयांनी काढली आहे? भिशी, बचत गट ही नावे लगेच येतील. शहरात दुकानोदुकानी फिरणारा पिग्मीवालाही त्याच जातीचा आहे. ही पद्धत १९२८ मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेने सुरू केली. भिशीत पाळी चुकली तर चारचौघींत मान जातो, म्हणून ती चुकत नाही. जो लोकलाजेचा दाब लग्नात खर्च करवितो, तोच भिशीत बचत करवितो, ही गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावी. केनियात एका प्रयोगात लोकांना नुसती कुलपाची पत्र्याची पेटी दिली, तरी आरोग्यासाठीची त्यांची बचत ठळकपणे वाढली, असे २०१३ च्या एका संशोधनात नमूद आहे. हे पैसे दवाखान्याचे आहेत, असे मागणाऱ्याला सांगता येऊ लागले, हे त्याचे एक कारण. आपल्याकडेही डब्यावर ‘फी’ असे लिहिलेली चिठ्ठी चिकटविण्यास काही खर्च नाही.

अनेक शाळांतून पूर्वी ‘संचयिका’ चालत असे. मुले आठवड्याला काही पैसे शिक्षकाजवळ देत, ते वहीत मांडले जात. जेथे ती बंद पडली तेथे दहा वर्षांवरील मुलांची बचत खाती पोस्टात किंवा बँकेत त्यांच्याच नावे उघडता येतात. परंतु एक पथ्य कटाक्षाने पाळावे. कोणत्या मुलाने किती साठविले, याचा तक्ता फळ्यावर लावू नये. तसे केल्यास बचतीचीही वरात निघते. ज्याच्या घरी खरोखर काही शिल्लक राहत नाही ते मूल खाली मान घालते, किंवा मोठा आकडा दिसावा म्हणून घरातून हट्टाने पैसे आणते. नियमितपणा मोजावा, रक्कम मोजू नये. दर आठवड्याला एक रुपया न चुकता टाकणाऱ्याची नोंद आवर्जून घ्यावी. वाढदिवसाला सर्व वर्गास चॉकलेट वाटण्याची जी नवी चाल शाळांत आली आहे तिचाही येथे विचार व्हावा. पाचसहा वर्षांच्या मुलाला लोक काय म्हणतील हा धडा प्रथम तेथेच मिळतो. त्याऐवजी सर्वांनी मिळून टाळ्या वाजविल्या, किंवा त्या मुलाने वाचनालयास आपले एक जुने पुस्तक दिले, तर कोणाच्याच घरावर भार पडत नाही.

पालकांशी बोलताना लग्न साधे करा, एवढेच म्हणून थांबू नये. साधे लग्न करणाऱ्या एकट्या बापाला कंजूष म्हणतात किंवा तो बुडाला असावा अशी शंका घेतात, आणि ही भीती खोटी नाही. पाचदहा घरांनी एकाच वेळी ठरविले तर मात्र कोणाचीच पत जात नाही. सामूहिक विवाहाचा उपयोग हाच. शासनाची ‘शुभमंगल’ सामूहिक व नोंदणीकृत विवाह योजना आहे, तिची माहिती पंचायत समितीत मिळते. भावकीतील वजनदार माणूस प्रथम तयार झाला तर बाकीचे सहज येतात. म्हणून आधी त्याच्या घरी जावे. गरिबाच्या घरापासून सुधारणेस आरंभ करणे सर्वांत अवघड असते. कर्ज काढणे अटळच असेल तर बचत गटाचा शेकडा दोन हा दरही सावकाराच्या दरापेक्षा हलका आहे, आणि परवान्यावाचून सावकारी करणे हा २०१४ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने गुन्हा आहे, एवढी माहिती पालकांना असावी. कागदावर सही किंवा अंगठा देण्यापूर्वी तो मजकूर शाळेत येऊन वाचून घ्या, असे शिक्षकाने सांगून ठेवले तरी पुष्कळ काम होते.

पालकसभेची वेळही पाहून ठरवावी. ऊसतोडीच्या गावांत पौष-माघातील सभेला म्हातारी माणसे तेवढी येतात, कारण टोळ्या फडावर असतात. आषाढ-श्रावणात आईबाप दोघेही गावात असतात, आणि उचलीची बोलणी साधारण त्याच सुमारास चाललेली असतात. त्या वेळी सभा घेऊन मुलांच्या हंगामी वसतिगृहाची यादी पक्की करावी, आणि उचलीतील काही रक्कम मुलांच्या नावे पोस्टात टाकण्याचे फॉर्म तेथेच भरून घ्यावेत. पोस्टमास्तरांना आधी निरोप दिल्यास ते त्या दिवशी शाळेत येऊन बसतात.